च च्या जागी स

जपानी शिकू लागणाऱ्याच्या हाती सर्वांत आधी एक तक्ता येतो. त्यात पाच स्वर असतात: अ, इ, उ, ए, ओ. व्यंजनांच्या ओळी असतात: क, स, त, न, ह, म, य, र, व. दोन्ही मिळून जी घरे तयार होतात त्यांत का-कि-कु-के-को असे एकेक अक्षर बसवलेले असते. या तक्त्याला जपानीत ‘गोजूओन’ म्हणजे ‘पन्नास ध्वनी’ म्हणतात. काही घरे ओस पडल्यामुळे आज त्यात मूळ अक्षरे सेहेचाळीसच आहेत. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तके आणि मोबाइलवरचे धडे हा तक्ता रोमन अक्षरांत देतात आणि पाठ करा म्हणतात. त्या वेशात तो निव्वळ घोकंपट्टीचा मामला वाटतो. देवनागरीत लिहून काढला, की बाराखडी शिकलेला कोणीही दोन क्षण थबकतो. हे ओळखीचे आहे, पण कुठेतरी काहीतरी हललेले आहे.

ते काय हलले आहे, हे आमच्या घरात पहिल्यांदा माझ्या पुतणीला दिसले. आम्ही झाशीला खंडेराव गेटजवळ राहतो. तिने नर्सिंगचे शिक्षण घेतले आहे आणि तिला वृद्धांच्या शुश्रूषेच्या कामासाठी जपानला जायचे आहे. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांविषयी करार झाला, तेव्हापासून अशा वाटेने जाणाऱ्यांची चर्चा आमच्यासारख्या गावांतही होऊ लागली. त्यासाठी भाषेची परीक्षा द्यावी लागते; ती जुलै आणि डिसेंबरमध्ये होते आणि आम्हाला सोयीचे केंद्र दिल्लीचे. तर ही मुलगी तक्ता देवनागरीत उतरवून माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काका, हे तर आपलंच आहे. पण च कुठे गेला? आणि स इथे काय करतोय?”

प्रश्न अगदी नेमका होता. आपल्या वर्णमालेत क नंतर च येतो, मग ट, त, प, आणि त्यानंतर य-र-ल-व. स आणि ह यांची पाळी व नंतर येते. जपानी तक्त्यात क, त, न, म, य, र, व ही सगळी मंडळी आपापल्या क्रमाने उभी आहेत. फक्त स येऊन च च्या जागी बसला आहे आणि ह येऊन प च्या जागी. एवढा क्रम योगायोगाने जुळत नाही. आणि जुळलाच असेल, तर नेमके दोनच पाहुणे दुसऱ्याच्या पाटावर का बसावेत?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला बरेच मागे जावे लागते. बौद्ध मंत्र आणि धारणी यांचा उच्चार शुद्ध असला पाहिजे, या आग्रहामुळे संस्कृत अक्षरे चीनमार्गे जपानात गेली. ती सिद्धम् लिपीत होती. देवनागरीची ही थोरली चुलत बहीण भारतात केव्हाच मावळली, पण जपानात ‘शित्तान’ या नावाने टिकली आणि तिथल्या शिंगोन पंथाच्या मंदिरांत आजही लिहिली जाते. होर्यूजी मठात जपून ठेवलेली जुनी ताडपत्रे आता तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यांवर प्रज्ञापारमिता-हृदयसूत्र आहे, उष्णीषविजया धारणी आहे आणि शेवटी चक्क सिद्धम् वर्णमाला लिहिलेली आहे. माक्स म्युलर आणि त्यांचे जपानी शिष्य नान्जो यांनी १८८४ मध्ये ती ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केली. शेवटी वर्णमाला लिहिणाऱ्याचा हेतू काय होता कोण जाणे, पण मला तो पाटी संपल्यावर उरलेल्या जागेत अआइई गिरवणारा विद्यार्थी वाटतो.

इ.स. ७३६ मध्ये बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू नारा येथे पोचला. ७५२ मध्ये तोदाईजीच्या प्रचंड बुद्धमूर्तीच्या नेत्रोन्मीलनाचा मान त्याला मिळाला. पुढे ८०४ मध्ये कूकाई हा जपानी भिक्षू चीनला गेला, तिथे प्रज्ञ या भारतीय पंडिताकडे संस्कृत शिकला आणि परतताना सिद्धम् ग्रंथ घेऊन आला. दोन-तीनशे वर्षे हा अभ्यास मठांत मुरला, आणि मग कोणाच्या तरी मनात आले की या पद्धतीने आपली स्वतःची भाषाही मांडता येईल. अकराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘कुजाकुक्यो ओनगी’ या, महामायूरी सूत्रातल्या उच्चारांविषयीच्या ग्रंथात असा तक्ता पहिल्यांदा दिसतो. तेव्हा क्रम आजचा नव्हता. त्याच शतकाच्या अखेरीस म्योगाकु या सिद्धम्‌च्या जाणकार भिक्षूने त्यावर बरेच काम केले. स्वर एका दिशेला, व्यंजने दुसऱ्या दिशेला, आणि व्यंजनांचा क्रम कंठापासून ओठांकडे, ही मांडणी जपान्यांनी आपल्या वर्णमालेवरून घेतली.

इथे एक काळजी घ्यायला हवी, कारण आपल्याकडे असली माहिती हाती लागली की ‘जपानी संस्कृतमधून निघाली’ असे फलक लागायला वेळ लागत नाही. जपानीचे संस्कृतशी रक्ताचे नाते नाही. बौद्ध धर्माबरोबर गेलेले काही शब्द आहेत: ‘दान’ वरून ‘दान्ना’ झाला आणि त्याचा अर्थ देणारा, मालक, पुढे नवरा असा होत गेला, ‘नरक’ चा ‘नाराकु’ झाला आणि काबुकी नाटकाच्या रंगमंचाखालच्या तळघरालाही तेच नाव पडले. पण भाषा त्यांची ती त्यांचीच. आपल्याकडून गेली ती मांडणी, आणि मला तरी ती कोणत्याही शब्दापेक्षा मोठी वस्तू वाटते.

आता स चे. तक्ता बनला तेव्हा जपानी स आजच्यासारखा नव्हता. तो त्स किंवा च च्या जवळचा होता, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणून तो च च्या घरात गेला. पुढे उच्चार बदलला, घर तेच राहिले. ह चीही हीच कथा: तो मुळात प होता. प चा फ झाला, फ चा ह. याचा पुरावा तक्त्यातच आहे. जपानीत ‘हा’ या अक्षराच्या डोक्यावर दोन छोट्या रेघा दिल्या की ‘बा’ होतो आणि छोटे वर्तुळ दिले की ‘पा’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा लहरी नियम वाटतो. ह आणि ब यांचा काय संबंध? आपल्याला मात्र प-फ-ब-भ-म हा वर्ग पाठ असतो. त्या घरात ह राहतो आहे, घराची पाटी अजून प ची आहे, एवढे कळले की तो नियम पुन्हा पाठ करावा लागत नाही.

मधला टप्पा, म्हणजे फ चा, लेखी सापडतो, आणि त्याची वाट गोव्यावरून जाते. मे १५४८ मध्ये गोव्यात आंजिरो नावाच्या एका जपानी माणसाचा बाप्तिस्मा झाला. तो सेंट पॉल कॉलेजात शिकला आणि फ्रान्सिस झेवियरला जपानची पहिली सविस्तर माहिती त्याच्याकडून मिळाली. जपानी लोक वरून खाली का लिहितात, असे झेवियरने विचारले तेव्हा आंजिरोने उलट विचारले, की माणसाचे डोके वर आणि पाय खाली असतात, मग तुम्ही तसे का लिहीत नाही? हा संवाद झेवियरच्या १५४९ च्या पत्रात आला आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो जपानात उतरला. युरोपीय माणसाने जपानीशी केलेली पहिली झटापट मांडवीकाठी झाली, असे म्हणायला हरकत नाही. पुढे युरोपला जाऊन परतणारे चार जपानी तरुण गोव्यात थांबले. त्यांनी बरोबर आणलेल्या छापखान्यावर त्यांच्यापैकी मार्तिनो हारा याचे लॅटिन भाषण १५८८ मध्ये गोव्यातच छापले गेले. तो छापखाना १५९० मध्ये जपानला पोचला. १६०३ मध्ये जेझुइटांनी नागासाकीला जपानी-पोर्तुगीज कोश छापला, आणि त्यात आज ज्याला ‘हाना’ म्हणतात त्या फुलासाठी शब्द आहे ‘फाना’. याच पंथाचा थॉमस स्टीफन्स तेव्हा गोव्यात बसून मराठी आणि कोकणी आत्मसात करत होता. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ चे. त्याने कोकणीचे व्याकरण लिहिले, नागासाकीला रॉड्रिग्जने जपानीचे लिहिले, आणि दोघांनीही ग्रंथाला नाव दिले ‘आर्ते’. नवी भाषा शिकू पाहणाऱ्यांची ही दोन बाके एकाच शाळेतली होती.

खुद्द जपानात हा तक्ता शेकडो वर्षे पंडितांचाच राहिला. सामान्य माणसे ‘इरोहा’ म्हणत. ती एक कविता आहे, तिच्यात प्रत्येक अक्षर एकदाच येते, आणि मुले तिच्यावरूनच लिहायला शिकत. ओत्सुकी फुमिहिको यांनी ‘गेन्काई’ हा पहिला आधुनिक शब्दकोश १८८९ ते १८९१ मध्ये काढला आणि शब्द पन्नास ध्वनींच्या क्रमाने लावले, तेव्हा फुकुझावा युकिची यांच्यासारख्या सुधारकानेही नाक मुरडले, अशी आठवण सांगतात. नाटकगृहाबाहेर पादत्राणे ठेवतात त्यांचे बिल्लेसुद्धा इरोहाच्या क्रमाने असतात, मग कोशाला काय झाले, असा त्यांचा रोख होता. आज तिथल्या शाळेतला हजेरीपट सहसा क-स-त-न च्याच क्रमाने लावलेला असतो.

आता खंडेराव गेटकडे यायला हवे, कारण या तक्त्यातली एक गोष्ट पुस्तकापेक्षा आमच्या घरात जास्त नीट कळते. १७४२ मध्ये पेशव्यांनी नारो शंकर यांना झाशीला धाडले, त्यानंतर मराठी घरे इथे वसत गेली: कारकून, शिलेदार, भिक्षुक, वैद्य. शिवरावभाऊंच्या काळात शहराला कोट झाला. त्याला दहा दरवाजे: ओरछा, दतिया, सागर, भांडेर, उन्नाव, बडागाव ही नावे त्या-त्या दिशेच्या गावांची. खंडेराव हे नाव मात्र कोणत्या रस्त्यावरच्या गावाचे नाही. ते ऐकले की मराठी माणसाला जेजुरीच आठवते. १८५८ च्या वेढ्यानंतर पुष्कळ घरे उठली, काही राहिली. राहिलेल्यांची मराठी दिवाणखान्यातून माजघरात आणि माजघरातून स्वयंपाकघरात सरकत गेली. शाळा हिंदी, बाजार बुंदेली, आणि मराठी आजीशी. आजी गेली की तीही गेली, हा अनुभव आमच्या गल्लीत एकापेक्षा जास्त घरांचा आहे.

अशा घरात आधी जातात ते उच्चार. मराठीत च दोन आहेत: चिमणीतला एक, चुलीतला दुसरा. ज चेही तसेच: जिऱ्यातला आणि जुन्यातला. देवनागरीत दोन्ही एकसारखेच लिहितात, त्यामुळे लिपी काही मदत करत नाही, कानाने धरायचे. आमच्या घरची मुले ‘चूल’, ‘चाक’, ‘चमचा’ हे सगळे हिंदीतल्या ‘चाय’ च्या च ने म्हणतात. मी त्यांचा चुलता, पण त्यांच्या तोंडी या शब्दातला च माझ्या आईसारखा येत नाही. सांगून उपयोग होत नव्हता. “चमचा तर चमचाच आहे ना, काका,” असे ऐकावे लागे.

आणि जपानी तक्त्यातली त ची ओळ अशी आहे: ता, चि, त्सु, ते, तो. ‘त्सुनामी’ तला हा त्सु म्हणजे चुलीतला चु. इ च्या आधी चिमणीतला च, उ च्या आधी चुलीतला. पुतणीचे ऑनलाइन वर्गातले हिंदीभाषक सोबती त्सु वर आठवडाभर अडून बसले होते. कोणी ‘सु’ म्हणे, कोणी ‘तुसु’. तिला मी एवढेच म्हटले, की आजी ‘चूल’ कशी म्हणायची ते आठव. एका दमात आला. त्या दिवसापासून ती चमचाही आजीसारखा म्हणू लागली आहे, मुद्दाम, थोडा ठसक्यात. हे मी कौतुकाने सांगत नाही. घरातला एक ध्वनी घरातून जाऊन नागासाकीवरून परत आला, याची मला थोडी गंमत वाटते आणि थोडे वाईटही वाटते.

स च्या ओळीतही असेच आहे. सा, शि, सु, से, सो. इ लागला की स चा श. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा अपवाद म्हणून सांगतात. आमच्या घरात दोन्ही भाषा नांदतात, त्यामुळे हा नियम रोज कानावर पडतो: हिंदीत सीखना, मराठीत शिकणे, सींग आणि शिंग, सींचना आणि शिंपणे. मराठीही इ समोर स ला टिकू देत नाही. ए समोरही नाही: शेण, शेत, शेंडी. जपानीत आज ‘से’ म्हणतात, पण १६०३ च्या त्या कोशात ते अक्षर ‘शे’ असे नोंदले आहे. दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नसताना जीभ मात्र एकाच जागी घसरते.

तक्त्याच्या टोकाला, कोणत्याही ओळीत न बसणारा, एकटा ‘न्’ उभा असतो. जुन्या इरोहात तो नाहीच. तो आपला अनुस्वार आहे, असे मी धरून चालतो: पुढे जे व्यंजन येईल त्याचा रंग घेणारा. वर्तमानपत्राला ‘शिन्बुन’ लिहितात आणि ‘शिम्बुन’ म्हणतात. संप, संत, संग यांतला अनुस्वार आपण शिकवल्याशिवाय वेगवेगळा म्हणतोच की.

वाक्यरचनेविषयी फार लिहीत नाही, कारण तिथे मराठी माणसाला सुरुवातीला जवळपास सगळेच फुकट मिळते. क्रियापद शेवटी. शब्दाच्या मागे चिकटणारे ‘ला’, ‘चा’, ‘ही’ यांच्यासारखे प्रत्यय. ‘खाऊन बघ’ याचा जपानी शब्दप्रयोग हुबेहूब ‘खाऊन बघ’ असाच आहे, चव पाहण्याच्या अर्थाने. आणि ‘घेऊन ये’ ही तसाच. इंग्रजीच्या दारातून आत गेलेल्याला हे सगळे उलटे करून घ्यावे लागते. जपानकडे आपण पुष्कळदा इंग्रजीच्या खिडकीतूनच पाहत आलो. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी पिढ्या थेट जपानी शिकल्या, तिकडे नोकरीला गेल्या, आणि योगेंद्र पुराणिक तर २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा विभागातून निवडून आले. पण झाशीत पोचणारे धडे इंग्रजीतले नाहीतर इंग्रजीवरून हिंदीत आणलेले असतात. फुकट मिळण्याची हद्द मात्र लवकर येते. कान्जी म्हणजे चिनी चित्राक्षरे. रोजच्या वापरातली म्हणून सरकारने ठरवलेली २,१३६ आहेत, त्यांतल्या बहुतेकांचे उच्चार एकाहून अधिक, आणि तिथे कोणतीही वर्णमाला कामाला येत नाही. पुतणी सध्या त्या भिंतीपाशी आहे. पहिल्या पायरीला शंभरेक पुरतात, असे शिकवणारे सांगतात.

हिरागाना ही वळणदार अक्षरे कशी झाली, हे तिला सांगताना मला मोडी आठवली. चिनी अक्षरे भरभर लिहिता-लिहिता मोडत गेली, गोल झाली, आणि त्यांतून हिरागाना निघाली. एकाच ध्वनीला चार-चार वळणे असत. १९०० मध्ये सरकारने शाळांसाठी एकेकच ठरवले आणि बाकीची ‘हेन्ताईगाना’ म्हणून बाजूला पडली. आता तिथल्या बहुतेक लोकांना आपल्याच पणजोबांचे पत्र वाचता येत नाही. आपल्याकडे मुंबई सरकारने १९१७ मध्ये मोडीऐवजी बाळबोध वापरायचे ठरवले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तीही गेली. १८५७-५८ ची झाशी डोळ्यांनी पाहून ‘माझा प्रवास’ लिहिणाऱ्या विष्णुभट गोडसे यांचे हस्तलिखित मोडीतले. झाशीचा नामांकित ग्रंथसंग्रह लुटीत कसा नष्ट झाला, याची हळहळ त्यांनी त्यात व्यक्त केली आहे. भिक्षुकीवर जगणाऱ्या माणसाला माणसांच्या प्रेतांबरोबर पुस्तकांचेही दुःख व्हावे, हे मला त्या पुस्तकातले सर्वांत खरे पान वाटते.

मराठी कागद वाचायला जपानहून माणसे आली, हेही तिला मी सांगितले. इतिहासकार फुकाझावा हिरोशी यांनी मराठी साधनांवरून दख्खनमधले वतनदार, बलुतेदार आणि शेतकरी यांचा अभ्यास केला. त्यांचे इंग्रजी पुस्तक त्यांच्या निधनानंतर १९९१ मध्ये निघाले. त्यांच्यानंतर कोतानी हिरोयुकी यांनी ते काम पुढे नेले. ज्या पेशव्यांनी आमच्या पूर्वजांना इकडे धाडले, त्यांच्या कारभाराविषयी मला जे कळते त्यातले काही या जपानी माणसांनी मराठी शिकून लिहिलेले आहे.

आमच्याकडे माळ्यावर एक ट्रंक आहे. तिच्यात तांबड्या रुमालात बांधलेले मोडी कागद आहेत. बहुधा जमिनीचे आणि देवस्थानच्या खर्चाचे असावेत, कारण आजोबा तसे म्हणत. वडिलांना मोडी थोडी लागत असे, मला येत नाही. पुतणीने विचारले, मोडीत अक्षरे किती? मी म्हटले, आपलीच वर्णमाला, वळण वेगळे. तिने हिरागाना सेहेचाळीस, काताकाना सेहेचाळीस आणि आजवर पाठ झालेली सत्तर कान्जी बोटांवर मोजली आणि म्हणाली, “बस, एवढीच?”

डिसेंबरच्या परीक्षेपर्यंत तिला वेळ नाही. ट्रंक मात्र तिने खाली उतरवून घेतली आहे.